तिळा तिळा, दार उघड!

रात्री पावणेदोनला आईचा फोन आला की तो कशासाठी आहे हे विचारावं लागत नाही. "बाबांच्या छातीत दुखतंय. घाम आलाय खूप. १०८ ला फोन केला, गाडी येऊन उभी आहे बाहेर," आई एका दमात म्हणाली. आणि मग एकदम वेगळ्याच आवाजात, "अगं, पण तुझं ते गेट उघडत नाहीये."

तुझं ते गेट!

ही २०२५ च्या २५ आणि २६ मेच्या मधली रात्र. मी अंधेरीत, तीन मुलींच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या गादीवर ताडकन उठून बसलेली. आई-बाबा अलिबागच्या पुढे, चौलच्या बाजूला, आमच्या वाडीतल्या घरात. धो धो पाऊस दोन्हीकडे, पण तिकडे विजा आणि लाइट गुल. आणि बाबा आणि अँब्युलन्सच्या मधे ते गेट. बारा फुटी, ग्रे मेटॅलिक, रिमोटचं बटण दाबलं की सुळकन सरकणारं. एकदम हाय-फाय. २०२२ मध्ये मीच बसवून दिलेलं.

"आई, घाबरू नकोस. मॅन्युअल कर. मोटरच्या डब्याला एक छोटं कुलूप आहे ना, त्यात चावी घाल, फिरव आणि लिव्हर बाहेर ओढ. मग गेट हाताने सरकतं."

"चावी कुठे आहे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझी नजर दारामागच्या खिळ्यावर गेली. तिथे माझ्या फ्लॅटच्या किल्ल्या लटकत होत्या. कंपनीच्या माणसाने गेट बसवल्यावर 'मॅडम, जपून ठेवा' म्हणून दिलेली ती मस्त लेदरची कीचेन. आणि तिच्यात, फ्लॅटच्या किल्लीला चिकटून, गेटच्या दोन छोट्या चाव्या. ओरिजिनल आणि डुप्लिकेट. दोन्ही.

जपून ठेवल्या होत्या मी!

आपल्या पिढीचा एक फंडा आहे. घरी जायला वेळ नसला की घरी वस्तू पाठवायची. वर्षभर गावी फिरकलो नाही? इन्व्हर्टर पाठव. दिवाळीला सुट्टी नाही मिळाली? आईला नवा फोन, बाबांना झाडू मारणारा रोबो (जो आता आमच्या मावशीकडे कॉटखाली झोपलेला असतो). तुमच्यापैकी किती जणांच्या घरी अशा वस्तू आहेत, प्रामाणिकपणे मोजा. माझी वस्तू जरा मोठी होती, एवढंच.

त्याला कारणही तसं होतं. २०२२ मध्ये बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आमचं जुनं लोखंडी गेट खाऱ्या हवेने इतकं गंजलं होतं की उघडताना एका बाजूने उचलून धरावं लागायचं. भर पावसात स्कूटरवरून उतरायचं, गेट उचलायचं, स्कूटर आत घ्यायची, परत गेट उचलायचं. गुडघ्याचे डॉक्टर म्हणाले, हे बंद. मी नुकत्याच चार कॉर्पोरेट फिल्म्सच्या स्क्रिप्ट लिहून दिल्या होत्या. ते सगळे पैसे त्या गेटमध्ये घातले. डिझाइन मी मुंबईत बसून, मोबाइलवर फोटो बघून ठरवलं. पूर्ण पत्रा, मधे एकही फट नाही, एकदम प्रायव्हसी. पत्रकार परिषदेत रिबीन कापावी तशा थाटात बाबांच्या हातात रिमोट दिला. "तिळा तिळा, दार उघड," म्हणत त्यांनी बटण दाबलं, गेट सरकलं आणि शेजारची सगळी पोरं टाळ्या वाजवायला लागली. बाबा त्या संध्याकाळी उगाचच तीनदा दुकानात जाऊन आले.

आजोबांच्या काळी तिथे गेट नव्हतंच. बेडं होतं. दोन खांब, त्यांना भोकं, आणि त्यातून आडवे सरकवायचे तीन बांबू. तसं बघितलं तर तेही स्लायडिंगच की!

तर त्या रात्री. फोन स्पीकरवर आणि मी अंधेरीत बसून गेट ढकलणाऱ्या माणसांचा आवाज ऐकतेय. शेजारचे काका आले, त्यांचे दोन मुलगे आले, अँब्युलन्सचा ड्रायव्हर आला. जोर लावला, पहार घालून बघितली. गेट तसूभर हललं नाही. वीस मिनिटं यात गेली. मग काका ओरडले, "सोडा ते गेट! वहिनी, खुर्ची आणा!" बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि शेजारच्या गडग्यावरून, जांभ्याचे वरचे दोन-तीन थर पाडून, चौघांनी खुर्ची पलीकडे दिली. दगड पडल्याचे आवाज मला ऐकू आले. "सावकाश, सावकाश" असं बाबाच सगळ्यांना सांगत होते. गाडी सुटली तेव्हा मी घड्याळ बघितलं. दोन वाजून वीस मिनिटं. पस्तीस मिनिटं झाली होती.

पुढचं भराभर सांगते. टॅक्सी मिळवून पनवेल, पेण, वडखळ करत मी सकाळी अलिबागला पोचले. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलेलं होतं. दुपारी बाबांना पनवेलकडच्या एका हॉस्पिटलमध्ये हलवलं, एक स्टेंट पडला. बाबा वाचले. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." अजून पस्तीस मिनिटं आधी आणलं असतं तर काय, हे मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

पण डिस्चार्ज पाच दिवसांत होता आणि स्टेंट घातलेला, गुडघा बदललेला माणूस गडग्यावरून घरी येऊ शकत नाही. गेट बसवणाऱ्या कंपनीला फोन केला. "मॅडम, साइट व्हिजिट पुढच्या आठवड्यात, बोर्ड मागवावा लागला तर आणखी दहा दिवस." ओके, थँक्यू. मग मी त्या माणसाला फोन केला ज्याला आधीच करायला हवा होता.

आमच्या भागातला गेटवाला दादा. इथे मुंबईकरांचे इतके वीकएंड बंगले आहेत की याला पावसाळ्यात जेवायला फुरसत नसते. मुळात हा ग्रिल-शटरचं वेल्डिंग करणारा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळच किनाऱ्यावर धडकलं आणि आमच्या वाड्यांमधले माड-पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. त्यानंतर याने महिनोन् महिने नुसती वाकडी गेटं सरळ केली आणि त्या नादात मोटरही शिकला. एप्रिलमध्ये त्याने मला स्वतःहून फोन केला होता. "ताई, पावसाआधी एकदा खोलून बघू." मी म्हटलं, "मेच्या शेवटी येतेय ना मी, तेव्हा करू. जून उजाडल्याशिवाय कुठे येतोय पाऊस?" मुंबईत मान्सून यायची नेहमीची तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मेला आला. सोळा दिवस आधी. मी आपली कॅलेंडर बघून निश्चिंत!

दादा आला, त्याने सगळ्यात आधी घरातला मेन खाली पाडला, गेटच्या बॅटरीची वायर काढली आणि हात पुढे केला. "चावी?" मी कीचेन दिली. कुलपात घातली. आणि चावी... फिरेना!

तो काहीच बोलला नाही. गंज सोडवायचा स्प्रे मारला, दहा मिनिटं थांबला, परत स्प्रे, चावी आत-बाहेर, हातोडीच्या दांड्याने हलकेच टकटक. अर्ध्या तासाने कुठे ती कुरकुरत अर्धा वळसा फिरली.

"म्हणजे त्या रात्री चावी घरात असती तरी..."

"फिरली असती असं नाही सांगू शकत, ताई. अंधारात जोर लावला असता तर आत मोडली असती. तीन वर्षांत एकदा तरी फिरवली होती का?"

नव्हती. खरं सांगते, हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून दिवसभर स्वतःचीच लाज वाटत राहिली.

मला वाटत होतं लाइट नसले की मोटर मोकळी होत असेल, चार माणसांनी ढकललं तर गेट हलायला हवं. तर तसं नसतं. आत स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर असतो. मोटर गेटला फिरवू शकते, पण गेट मोटरला उलटं फिरवू शकत नाही. म्हणून तर कोणी बाहेरून ढकलून आत शिरू शकत नाही. चोरासाठी केलेली सोय ती, पण अँब्युलन्सवाला आणि चोर यातला फरक गिअरला कळत नाही. चावी फिरवून लिव्हर ओढली की तो गिअर सुटतो. म्हणजे सगळ्या गेटचा जीव त्या बोटभर चावीत.

लिव्हर ओढल्यावरही गेट जड जात होतं. दादाने मला खुरपं दिलं. "रूळ साफ करा." त्यातून काय काय निघालं म्हणता! लाल माती, वाळू, सुपारीच्या साली, झावळीचे तुकडे, एक बाटलीचं बूच, आईची हरवलेली केसांची क्लिप. पहिल्या पावसाने त्याचा पार चिखल झालेला. चाकाची एक बेअरिंग गंजून घट्ट बसली होती, ती बदलली. मग त्याने सांगितलं, एका हाताने ढकला. गेलं! "गेट हाताने हलत नसेल तर मोटरला शिव्या द्यायच्या नाहीत," दादा म्हणाला. "आधी चाक, रूळ, मग मोटर." मी उत्साहाच्या भरात गेटच्या खालच्या दातेरी पट्टीला ग्रीस लावायला गेले तर केवढ्याने ओरडला! नायलॉनच्या त्या पट्टीला ग्रीस लागलं की वाळू चिकटते आणि दाते कानशीने घासल्यासारखे झिजतात.

मग मोटरचं झाकण उघडलं. ई! आत बिऱ्हाडच होतं. बोर्डावर मुंग्यांची वसाहत, कोपऱ्यात पालीची दोन अंडी, तांब्याच्या टोकांवर हिरवा थर. मी म्हटलं, पण हा डबा तर वॉटरप्रूफ आहे ना? दादा हसला. डबा श्वास घेतो, म्हणाला. दुपारच्या उन्हात आतली हवा तापून बाहेर पडते, रात्री डबा थंड झाला की बाहेरची ओली, खारी हवा आत ओढली जाते. त्याचं पाणी होतं, बोर्डावर बसतं. रोज थोडं थोडं. वर वायर शिरते ते भोक बुजवलेलंच नव्हतं, त्यामुळे पाऊस वायरीवरून ओघळत सरळ आत. आत ऊबही असते, म्हणून मुंग्या. आपल्याकडे या डब्याचे शत्रू तीन, आणि चोर त्यात नाही!

पण त्या रात्री गेट मेलं ते यापैकी कशाने नाही. बोर्डाच्या एका टोकाला नाण्याएवढी निळी चकती असते, ती फुटून काळी पडली होती. शेजारचा फ्यूज उडालेला. वीज काही गेटवर पडली नव्हती. ती जवळपास कुठेही पडली तरी लांब वायरींमध्ये झटका उठतो, आणि घरापासून गेटपर्यंत आमची वायर चांगली शंभर फूट जमिनीतून गेलेली. लाइट जाऊन झटक्याने परत आले तरी तेच. ही चकती तो झटका स्वतःच्या अंगावर घेते आणि मरते. "बोर्ड वाचवला बिचारीने," दादा म्हणाला.

मग लाइट नसताना चालायला बॅटरी दिली होती ती? बारा-बारा व्होल्टच्या दोन, चांगल्या महागातल्या. दोन्ही पोट फुगलेल्या माशासारख्या. लोखंडी डबा, पश्चिमेकडे तोंड, कोकणातला एप्रिल-मे. अशा बॅटरीचं आयुष्य पंचवीस डिग्रीला धरून सांगितलेलं असतं, त्यावर दर दहा डिग्रीला साधारण निम्मं होतं. माझ्या 'पॉवर बॅकअप'चा बॅकअप कधीच संपलेला होता. रोज लाइट असल्यामुळे कोणाला कळलं नाही, इतकंच.

दोन दिवस आम्ही ते गेट केलं. आम्ही म्हणजे दादाने, आणि मी हाताखाली. बोर्ड टूथब्रशने आणि स्पिरिटने घासून माझ्या हेअर ड्रायरने वाळवला (त्या ड्रायरचा आयुष्यातला सर्वांत चांगला उपयोग). नवी चकती, नवा फ्यूज, वरून व्हार्निशचा स्प्रे. वायर खालून, लोंबता वळसा देऊन आत घेतली, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जातं. भोकं बुजवली, मोटर एक वीत उंच ओट्यावर चढवली, नव्या बॅटऱ्या खांबाच्या सावलीच्या बाजूला नेल्या. झटके पेलणारं यंत्र लाइनवर बसवलं. आणि त्याच्यासाठी अर्थिंग, कारण अर्थिंग चांगलं नसेल तर त्या यंत्राचा उपयोग शून्य. आमच्याकडच्या जांभ्यात वीज सहज मुरत नाही. म्हणून खोल खड्डा, त्यात पाइप, भोवती मीठ-कोळसा. आई खिडकीतून बघत होती, म्हणाली, लोणचं घालताय का?

एका गोष्टीवर मात्र दादा जाम कडक होता. गेटच्या दोन बाजूंना ते डोळे असतात, मधे कोणी आलं की गेट थांबवणारे. एकावर कोळ्याने जाळं विणलं होतं. ते पुसून त्याने आईचा झाडू मधे धरला आणि गेट बंद करायला लावलं. थांबून उलटं फिरलं. परत. दहा वेळा. रुळाच्या शेवटी लोखंडी ठोकळा वेल्ड केलेला आहे ना तेही लाथ मारून बघितलं. गेट रुळावरून सुटून अंगावर पडल्याने लहान मुलं, वॉचमन गेल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. तुमच्या सोसायटीत असं गेट असेल तर उद्या ऑफिसला निघताना तो ठोकळा आहे का, एवढं बघाच.

आणि माझं ते प्रायव्हसीवालं डिझाइन? दादाने त्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोणी काढलं?" मी गप्प. बारा फुटी सलग पत्रा म्हणजे गलबताचं शीड. वारा भरला की सगळा दाब चाकांवर आणि मोटरवर. निसर्गच्या वेळी त्याने सरळ केलेली बहुतेक गेटं अशीच सलग पत्र्याची होती, जाळीची बरीचशी उभी राहिली, असं तो सांगतो. ग्राइंडर काढला आणि एक सोडून एक पट्टी कापून टाकली. ग्रे मेटॅलिक ठिणग्या उडताना बघून पोटात कालवलं जरा. आई मात्र खूश. आता ओटीवरून रस्त्यावर कोण चाललंय ते दिसतं.

डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी दादाने मेन वर केला. बोर्डावर छोटा हिरवा दिवा लागला. मी बटण दाबलं. गेट सरकलं, टोकाला गेलं, थांबलं. मी रडले, त्याने सामान आवरायला घेतलं. जाताना सांगून गेला की मोठ्या वादळाचा इशारा आला की हुशारी करायची नाही. गेट उघडं सरकवून मॅन्युअलवर टाकायचं, साखळीने खांबाला बांधायचं, मेन पाडायचा. आणि चावी महिन्यातून एकदा फिरवायची, लागो न लागो.

बाबा घरी आले ते गेटमधून, गाडीत बसून. गेटकडे त्यांनी नीट बघितलंसुद्धा नाही. त्यांचं लक्ष गडग्याच्या पडक्या भागाकडे. "तो परत बांधायचा नाही," म्हणाले. मग शेजारच्या काकांनी तिथले उरलेले दगड काढले, दोन खांब रोवले, भोकं पाडली आणि तीन बांबू आडवे घातले. बेडं! आई आता दूध आणायला तिथूनच जाते. गेट फक्त गाड्यांसाठी.

चाव्या आता माझ्याकडे नाहीत. एक स्वयंपाकघरात लायटरच्या शेजारी खिळ्याला, लाल लोकर बांधलेली. दुसरी शेजारच्या काकांकडे. आणि मी दर महिन्याला एक वीकएंड गावी जाते, लॅपटॉप घेऊन, रेंजला शिव्या देत.

जुलैमध्ये गेले तेव्हा आईची परीक्षा घेतली. रात्री नऊ वाजता, पाऊस चालू, मेन पाडलेला, हातात फक्त टॉर्च. बाबा ओटीवर शाल पांघरून घड्याळ लावून बसलेले. आई छत्री सावरत गेली, कुलूप चाचपलं, चावी घातली, फिरवली, लिव्हर ओढली आणि पदर खोचून गेट ढकललं.

"दोन मिनिटं दहा सेकंद," बाबा ओटीवरून ओरडले. "परत कर!"

"परत-बिरत काही नाही," आई अंधारातून म्हणाली. "लावून घेते आता. गुरं शिरतील आत."